वजीरचे दात

कोपरखैरणे,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय क्रांतीताई,

तुला आणि मामींना नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? थंडीत फार चालू देऊ नकोस.

तू म्हणशील, रोज हातात फोन असताना याला पत्र कुठून सुचलं? वाशी मार्केटमधला आपला गोटीराम हमाल उद्या गावी निघालाय, त्याच्या हाती देतोय. फोनवर तू लगेच "आसू दे रं विशू" म्हणतेस आणि मला तेच ऐकायचं असतं. म्हणून फोन नको.

इकडे ठीक आहे. दवाखाना बरा चाललाय. सोसायटीत पार्किंगवरून पुन्हा भांडणं झाली. सुमेधा बरी आहे, म्हणजे तब्येतीनं. माझ्याशी गरजेपुरतं बोलते.

तुझा परवाचा मेसेज दहा वेळा वाचला. वजीर झोपेतच गेला म्हणजे त्याचं हृदय जन्मतःच कमजोर होतं, खोट रक्तातच असणार, असं धरून तू त्याच्या तिन्ही भावंडांच्या मालकांना तपासणी करायला सांगितलंस. आणि बुधवारी त्याच्या आईचं, हरणीचं ऑपरेशन, यापुढे पिल्लं नकोत म्हणून. कोंडिबामामांनी चाळीस वर्षं सांभाळलेलं कारवान जातीच्या कुत्र्यांचं घराणं तू माझ्या एका वाक्यावर बंद करायला निघालीस. ते ऑपरेशन आधी रद्द कर, ताई. मग पुढचं वाच.

कुत्र्यांच्या शोला चालेल असंच पिल्लू पाहिजे म्हणून मी तुझ्या किती मागे लागलो होतो! वजीरला माझ्या मांडीवर ठेवताना तू म्हणालीस, "विशू, आठ आठवड्याच्या पिल्लाचं आई-बाप तेवढं दावता येत्यात. दात बदलल्यावर त्येचं काय हुईल, त्ये माझ्या आबालाबी सांगता आलं नसतं. रिंगणात न्हाई उतरला तर घरात ठेवशील न्हवं?" मी जोरात मान डोलावली. तेव्हा इकडे हॉलमध्ये सुतार जिंकायचे कप ठेवायला फळी ठोकत होता, वर दिव्यांसकट. मी सोसायटीत त्याचं बारसं केलं, पेढे वाटले, चेअरमनपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना "शो क्वालिटी" म्हणून सांगितलं. हसलीस तरी चालेल.

सहाव्या महिन्यात दात बदलले आणि खालचा जबडा पुढे आला. वाशीतल्या एका शोवाल्यानं ओठ उचलून पाहिलं. म्हणाला, "डॉक्टर, टेन्शन नका घेऊ. घरचा कुत्रा म्हणून एक नंबर आहे, पण रिंगमध्ये नाय चालणार." घरचा कुत्रा हे शब्द मला शिवीसारखे लागले. जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, "खातोय ना नीट? मग कशाला हात लावताय? आणि तार लावून सरळ केलेले दात शोला चालत पण नाहीत." तुला मात्र मी कळवत राहिलो, वजीर झकास वाढतोय म्हणून.

वीस वर्षं मी माणसांचे वाकडे दात सरळ करतोय. कुत्र्याचे चार दात काय अवघड, असं वाटलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी मी त्याला दवाखान्यात नेलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. खुर्चीवर तो आपण होऊन चढला. "दात" म्हटलं की तोंड वर करून थांबायचं, हे मीच त्याला जजसाठी शिकवलं होतं. तसाच थांबला. मी त्याला पूर्ण झोपवायचं भुलीचं इंजेक्शन दिलं. या जातीच्या अंगावर चरबी नसते, भूल जड जाते, हे तू पिल्लू देतानाच सांगितलं होतंस. मी ते विसरलो नव्हतो, ताई. थोडं कमी दिलं की भागेल असं मनाशी ठरवलं होतं. चौथ्या दाताची तार आवळताना त्याची जीभ निळी पडलेली दिसली. "झोपेतच गेला" असं मी तुला सांगितलं ते या झोपेबद्दल.

इथवर सुमेधालाही माहीत आहे. पुरण्याआधी ती त्याचं तोंड पुसत होती, तेव्हा एका दाताला तारेचा तुकडा राहिलेला तिला दिसला.

यापुढचं तिलाही सांगितलेलं नाही. जनावरांचा दवाखाना गाडीनं पाच मिनिटांवर आहे आणि रविवारीही उघडा असतो. वजीरचा श्वास चालू होता. अगदी हळू, पण चालू होता. त्याला तसाच उचलून नेला असता तर त्यांनी तारा पाहिल्या असत्या. म्हणून मी आधी तारा कापत बसलो. एकेक सोडवायला वेळ लागला. शेवटची तार निघाली तेव्हा श्वास थांबला होता. मग मी त्याला गाडीत घातलं.

तो वाचला असता की नाही, मला ठाऊक नाही. मी त्याला वाचू दिलं नाही, एवढं ठाऊक आहे. दीड महिना तू रडत रडत स्वतःच्या कुत्र्यांत खोट शोधत होतीस आणि मी फोनवर "हो ना" म्हणत होतो. याची लाज कुठल्या शब्दांत सांगू?

हरणी धडधाकट आहे. तिची पिल्लंही धडधाकट आहेत. हे पत्र तिन्ही मालकांना दाखव, मामींना वाचून दाखव, कुठे तक्रार करायची असेल तर तिथेही जोड. कुणी तुला खोटं पाडू नये म्हणून खाली तुझा विशू असं न लिहिता पूर्ण नाव लिहितोय.

डॉ. विश्वजित नंदकिशोर घोरपडे
बी.डी.एस., दंतचिकित्सक
कोपरखैरणे, नवी मुंबई