अठ्ठाविसावी सही

मी, विनिफ्रेड स्ट्रिकर, माहेरची कोलर, वय वर्षे त्र्याऐंशी, व्यवसाय पूर्वी नकाशे काढणे व आता काही नाही, राहणार सात, बेंडर्स कर्व्ह, ॲशबर्न हिल, बाल्टिमोर, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, रेघ अजून सरळ येते, आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले किंवा धमकावलेले नाही. तसे करायला या घरात कोणी नाहीच. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करते. दोन्ही रागात केली होती.

माझ्या वकील थेरेसा ब्रँट यांनी मसुदा वाचून सांगितले, "मृत्युपत्रात शेजाऱ्यांच्या तक्रारी लिहीत नाहीत, मिसेस स्ट्रिकर." मी विचारले, मग कुठे लिहितात? तक्रारी तशाच ठेवल्या आहेत.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची जोनी कोलर हिने करावी. जोनी म्हणजे माझा एकुलता एक धाकटा भाऊ लेलँड याची मुलगी. वर्षातून दोनदा येते, आल्यावर आधी फ्रिज उघडून बघते आणि म्हणते, "आत्या, तू जेवतेस तरी काय?" ती नर्स आहे, तिला कागद भरायची सवय आहे.

कलम २. ॲशबर्न हिलवरील राहते घर, जमिनीसह. हे मी व माझे यजमान हार्लन यांनी १९६८ साली घेतले. हार्लन जाऊन एकोणीस वर्षे झाली, आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे या घरावर दुसऱ्या कोणाचा हक्क पोचत नाही.

घराचे वर्णन लिहावे लागते म्हणून लिहिते. ॲशबर्न हिल ही १९१३ साली कागदावर आखून मग बांधलेली वसाहत आहे. रस्ते मुद्दाम वळणाचे, टेकडीच्या चढाप्रमाणे, त्यामुळे एका घराच्या खिडकीतून दुसऱ्या घराची खिडकी दिसत नाही. दगडी भिंती, उतरती पाटीच्या दगडाची छपरे, पुढे मोकळे गवत, कुंपणाला बंदी. मी लहानपणी ट्राममधून हे घर बघायचे आणि ठरवले होते की इथे राहायचे. राहिले. आखणाऱ्याने आपले काम इतके चोख केले आहे की छप्पन वर्षांत मला कोणी चुकून दिसले नाही.

पुढचे दार ओक लाकडाचे, विजेच्या घंटीसह. स्वयंपाकघराचे दार मागच्या गल्लीतून सात पायऱ्या उतरून लागते. त्याला घंटी नाही. मूळ खरेदीखताची चौथी अट अशी आहे की काळ्या माणसाने या वसाहतीत राहू नये, नोकर म्हणून राहिल्यास हरकत नाही. मागचे दार त्या नोकरांसाठी होते, आणि त्यांनी घंटी वाजवावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती. कायद्याने ती अट कधीच मोडीत काढली, पण कागदावर अजून आहे. माझे शेजारी एव्हरेट टिलमन, निवृत्त शिक्षक, स्वतः काळे आहेत. त्यांच्या छपराला साधे पत्रे घालायला आमच्या वसाहतीच्या समितीने नकार दिला तेव्हा ते मला म्हणाले, "विनी, माझ्या खरेदीखतात लिहिलंय की मी हे घर घेऊच शकत नाही. आणि तुम्ही मात्र छप्पर पाटीचंच हवं म्हणून मला नोटीस पाठवता. आधी काय ते ठरवा." मला त्या दिवशी फार शरम वाटली. नोटीस मात्र मी मागे घेतली नाही, कारण नियम सगळ्यांना सारखाच होता.

या समितीची मी सत्तावीस वर्षे चिटणीस होते. कोणी खिडकीच्या झडपांना कोणता रंग द्यावा, व्हरांड्याला किती खांब असावेत, याचे अर्ज माझ्याकडे येत. चुकलेला अर्ज मी लाल पेन्सिलीने खुणा करून परत पाठवी: दुरुस्त करून पुन्हा सादर करावे. लोक मला भीत. मला ते आवडत असे, हेही इथे लिहून ठेवते.

हे घर विकावे. त्याच्या रकमेचे काय करायचे ते कलम ४ मध्ये आहे.

कलम ३. लिंडन कोर्टमधील घर क्रमांक एकवीस, यातील माझा अर्धा हिस्सा. वडिलांनी १९८३ साली ते मला व लेलँडला मिळून दिले. लेलँड जन्मापासून तिथेच आहे.

लिंडन कोर्टही आखलेलीच वसाहत आहे, पण आखणाऱ्याचे डोके वेगळे. अठ्ठावीस विटांची घरे भिंतीला भिंत लावून चौकोनात उभी, आणि मध्ये सगळ्यांची मिळून एक बाग. बागेच्या मध्यावर लिंडनचे झाड. सगळ्यांची स्वयंपाकघरे बागेकडे, म्हणजे चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला अठ्ठावीस घरांची पोरे एकदम दिसत आणि कोणाच्याही आईला कोणाच्याही पोरावर ओरडता येई. रस्त्याकडचे दार टपालवाल्यासाठी. आमच्या घरी ते वडिलांची शवपेटी नेताना उघडले, तेव्हा त्याची बिजागरी गंजलेली निघाली. येणारा जाणारा स्वयंपाकघराच्या दारानेच येई, आणि येताना काही ना काही बोलतच येई. मला तेव्हा त्या गलबल्याचा वीट आला होता. टेकडीवर शांतता असते असे मी हार्लनला सांगितले होते, आणि ते खरे निघाले.

दोन्ही वसाहतींत नियम होते. टेकडीचे नियम कायमचे. कोर्टचा मुख्य नियम, की बागेत कोणी कुंपण घालू नये, तो साठ वर्षांचा. १९२६ ते १९८६. मुदत संपण्यापूर्वी घरामागे एक अशा अठ्ठावीसही सह्या झाल्या तर तो पुढे चालू राहणार होता. लेलँडने सहा महिने दारोदार फिरून सत्तावीस सह्या आणल्या. एकविसाव्या घराला मालक दोन, कागदोपत्री पहिले नाव माझे, म्हणून त्या घराची सही माझी, आणि तीच शेवटची राहिली. कागद त्याने टपालाने पाठवला, सोबत स्वतः काढलेला बागेचा नकाशा.

नकाशात वाट झाडाच्या उत्तरेला दाखवली होती. मूळ आराखड्यात ती दक्षिणेला आहे. आराखडा मी पाहिलेला होता, माझा तो धंदाच होता. मी लाल पेन्सिलीने वाटेवर फुली मारली, समासात लिहिले, दुरुस्त करून पुन्हा सादर करावे, आणि कागद सहीशिवाय परत पाठवला. सख्ख्या भावाला. मुदतीला पाच दिवस होते. टपाल पोचायला चार लागले.

मुदत संपल्यावर नवव्या दिवशी बिक्सलर नावाच्या माणसाने पहिले जाळीचे कुंपण घातले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बागेच्या अठ्ठावीस पट्ट्या झाल्या होत्या. झाड दोन पट्ट्यांच्या मधोमध आले, भांडणाचे कारण झाले आणि १९९१ साली तोडले गेले. त्यानंतर तो कागद लेलँडने मला परत पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती. माझी लाल फुली तेवढी होती.

आम्ही त्यानंतर दोन अंत्यविधींना भेटलो आणि हवेवर बोललो.

वाट उत्तरेलाच होती. आराखडा काहीही म्हणो, साठ वर्षे लोक उत्तरेने चालत होते, कारण तिकडे दुपारची सावली असे. मीही तिकडूनच शाळेत गेले होते. फुली मारताना मला ते आठवले होते. मी तरीही मारली. वडिलांचे दुखणे शेवटची तीन वर्षे लेलँडने काढले आणि सगळे लिंडन कोर्ट त्याचे गोडवे गात होते, ते मला सलत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

माझा अर्धा हिस्सा जोनीला द्यावा. लेलँडला का नाही, ते कलम ६ मध्ये आहे.

कलम ४. टेकडीवरचे घर विकून येईल त्यातून, लिंडन कोर्टमधील ज्या कोणाला आपले कुंपण काढावेसे वाटेल त्याचे कुंपण काढण्याचा व तिथे पुन्हा गवत लावण्याचा खर्च द्यावा. कोणावर जबरदस्ती करू नये. एकानेच काढले तर एकाचा द्यावा. एक लिंडनचे रोप जोनीने लावावे, जागा तिच्या वडिलांना विचारून. मूळ आराखडा बघू नये. उरलेली रक्कम जोनीची.

कलम ५. माझी कंपासपेटी, पितळी मोजपट्ट्या व कललेले टेबल जवळच्या शाळेला द्यावे. लाल पेन्सिली अकरा आहेत. त्या फेकून द्याव्यात.

कलम ६. सावरक्राउटची मातीची बरणी. ही आईची. बाल्टिमोरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीबरोबर आंबवलेली कोबी लागतेच, आणि आमच्याकडे ती याच बरणीतली असे. मी दर नोव्हेंबरला ती अजून भरते. एकट्या माणसाला ती एप्रिलपर्यंत पुरते. ती लेलँडला मिळावी अशी माझी इच्छा होती.

परंतु ब्रँटबाईंनी समजावले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. मी त्यांना म्हटले, मला लेलँड साक्षीदार म्हणून हवा आहे. त्या म्हणाल्या, "मग त्यांना काही ठेवू नका. बरणीसुद्धा नाही." दुसरे साक्षीदार टिलमन. त्यांना मी माझी लांब शिडी ठेवणार होते, ती त्यांनी ऑक्टोबरातच नेली आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

म्हणून भावाला मी काही ठेवत नाही. एखाद्या कागदावर त्याची आणि माझी सही एकत्र व्हावी एवढेच मला हवे आहे. मी एकटी आहे, आणि हे सांगायला मृत्युपत्राचे निमित्त काढावे लागले.

गेल्या बुधवारी सकाळी मी त्याला फोन केला. नंबर तोच होता.

"लेलँड, मी विनी."

मागे रेडिओ चालू होता. तो त्याने बंद केला. "कोण गेलं?"

"कोणी नाही. मी जायच्या तयारीला लागलेय. साक्षीदार हवाय."

"का, तुझ्या टेकडीवरची माणसं संपली?"

"माणसं आहेत. ओळखीची संपली."

"कागद नीट वाचलास ना? नाहीतर माझी सही परत पाठवशील."

"नाही पाठवणार. मंगळवारी, दोन वाजता."

"बघतो."

"येशील का पण?"

"बघतो म्हटलं ना, विने." आणि त्याने फोन ठेवला. विने असे मला या जगात आता तोच एकटा म्हणतो.

कलम ७. १९८६ सालचा तो कागद या मृत्युपत्राला जोडला आहे. अठ्ठाविसाव्या रेघेवर मी आज सकाळी सही केली. कायद्याने तिला काही अर्थ नाही हे मला माहीत आहे. लाल फुली खोडरबराने गेली नाही, म्हणून तिच्या बाजूला लिहिले आहे: वाट बरोबर आहे.

कलम ८. हे कलम सही करण्यापूर्वी जागेवरच हाताने लिहीत आहे.

आज मी दीडपासून पुढच्या दारापाशी खुर्ची टाकून बसले. टिलमन व ब्रँटबाई दोनला आले. सव्वादोन झाले, अडीच झाले. ब्रँटबाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "माझ्या कचेरीतल्या कोणाला तरी बोलावते, सहीपुरतं." मी बोलवा म्हटले. डोळ्यांत पाणी आले ते कोणाला दिसू नये म्हणून कॉफी ठेवायला आत गेले.

स्वयंपाकघराच्या दाराच्या काचेपलीकडे लेलँड उभा होता. टोपी हातात, नाक लाल.

मी दार उघडले. त्याचे केस सगळे गेले आहेत. तो म्हणाला, "पंचेचाळीस मिनिटं ठोकतोय. बहिरी झालीस का?"

"अरे, पुढचं दार आहे ना! तिथे बसले होते मी तुझी वाट बघत."

"पुढच्या दाराने टपालवाला येतो," तो म्हणाला.

मग तो आत आला आणि बरणीपाशी थांबला. झाकण उघडून वास घेतला, बोट घालून चाखले, आणि म्हणाला, "मीठ कमी आहे. आईचं असं नसायचं." मी म्हटले, मग घेऊन जा आणि घाल. ती त्याने आताच आपल्या गाडीत नेऊन ठेवली आहे, सबब कलम ६ मधील बरणी या मिळकतीत राहिलेली नाही.

त्याने मागच्या दाराची चौकट वरून खालपर्यंत हाताने चाचपून पाहिली. गुरुवारी येऊन तिथे घंटी बसवतो म्हणाला. मी सवयीने म्हणाले की समितीला अर्ज करावा लागेल. टिलमन हसायला लागले.

तरी नोंद करून ठेवते: मागच्या दाराला घंटी बसवायची आहे. समितीला विचारायचे नाही.

वरील सर्व मी वाचले असून ते माझेच आहे.

विनिफ्रेड कोलर स्ट्रिकर
(सही)

आमच्या समक्ष सही झाली:

१. एव्हरेट टिलमन, नऊ, बेंडर्स कर्व्ह, शेजारी (सही)

२. लेलँड कोलर, एकवीस, लिंडन कोर्ट, भाऊ (सही)

बाल्टिमोर, मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४