सिनेटर ऑर्मसबींसाठी दोन मिनिटं

शनिवार, ९ जानेवारी
परवा लिहिलं ते चूक. चर्चच्या तळघरातल्या सभेला चाळीस माणसं नव्हती. एकोणीस होती, आणि त्यातली सहा केक संपल्यावर उठली. वहीतसुद्धा खोटं नको.

अठराला अख्खा आयोवा आमच्या रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला बसणार. आमच्या केंद्रावर सिनेटर ऑर्मसबींच्या बाजूने दोन मिनिटं मी बोलणार. सरकारने कुणालाच टेकू देऊ नये, मक्याच्या इथेनॉललाही नाही, असं म्हणणारे ते एकटेच. शाळेत न घालता डॅडनी किचनच्या टेबलावर मला हेच शिकवलं. आमचा मका इथेनॉलच्या कारखान्यात जातो, पण डॅड तत्त्वाचे आहेत.

मंगळवार, १२ जानेवारी
फोन केले. मिसेस डाइकस्ट्रा म्हणाल्या, पोरी, प्रार्थना करून ठरवते. 'पक्क्या'त धरल्या. प्रार्थनेतून दुसरं काय निघणार?

जोएल जेवताना म्हणाला, ताई, तुझा सिनेटर आला की आपला मका आपणच खायचा, तिन्ही त्रिकाळ. डॅड हसले नाहीत. म्हणजे माझ्या बाजूने आहेत.

शनिवार, १६ जानेवारी
अंगणातली ऑर्मसबींची पाटी गायब. डॅड म्हणाले, वारा. असेल. शेजारची गव्हर्नर टॅल्कटची पाटी मात्र जागच्या जागी. हा माणूस आयातीवर कर लावणार, मक्याला हमी देणार, मागेल त्याला मागेल ते देणार. असल्यांच्या पाट्यांचे खांब जाड असतात.

मंगळवार, १९ जानेवारी
काल शाळेच्या जिममध्ये बोलले. आवाज एकदाच कापला. (दोनदा.)

मग सभेच्या अध्यक्षांनी विचारलं, टॅल्कटसाठी कोण बोलणार? डॅडनी टोपी काढली आणि उभे राहिले. मला वाटलं, खुर्ची बदलतायत. म्हणाले, माझ्या लेकीचं म्हणणं बरोबर आहे, मीच शिकवलंय. पण ज्या टेबलावर शिकवलं ते टेबल मक्याच्याच पैशातून घेतलंय.

टाळ्या. मिसेस डाइकस्ट्रांच्याही.

येताना ट्रकमध्ये विचारलं, आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, तुझं भाषण बिघडलं असतं, टर्झा.

टॅल्कट एकसष्ट, ऑर्मसबी दोन. एक मत माझं. दुसरं डॅडचंच. चारचौघांत बोलावं लागतं, चिठ्ठी गुप्त असते.

बुधवार, २० जानेवारी
दुसरं मत मॉमचं. भांडी पुसता पुसता तिनेच सांगितलं. म्हणाली, तुला एकटं वाटू नये म्हणून गं, पटलं-बिटलं काही नाही.

दुपारी ऑर्मसबींचा ईमेल. शर्यतीतून माघार, टॅल्कटना मनापासून पाठिंबा. सुरुवात 'प्रिय टेरेसा' अशी.

जिल्हा अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून माझं नाव गेलंय. दुसऱ्या कुणी हातच वर केला नाही. डॅडचंही गेलंय. तिथे इथेनॉलच्या सवलतीविरुद्ध ठराव मीच मांडणार, त्यांच्यासमोर. त्यांच्याशी मात्र आता जन्मात बोलणार नाही.

अधिवेशन शनिवारी, १२ मार्चला. ट्रक एकच, तो डॅडचा. मला नेणार का, हे शुक्रवारी, ११ मार्चला विचारेन.