गिरणीत कोरलेले बोर्ड

३ डिसें.
तू गप बस, माझ्याच मना. वही उघडली म्हणजे लगेच निकाल द्यायचा हक मिळाला का? आधी खोली बघ. दहा बाय बारा. अर्ध्यात आईची पिठाची गिरणी, अर्ध्यात माझी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं कोरणारी मशीन, मधात जुन्या साडीचा पडदा. मंठ्यात दुसरी जागा कुठंय मला? तांबं चढवलेली फायबरची पाटी टेपनं चिकटवायची. मशीन बारीक टोकानं तांबं कोरत जाते, उरलेल्या रेघांतून करंट जातो. एक सर्किट बोर्ड, दीड तास. मधात गिरणी चालू झाली की टेबल थरथरतं, रेघ तुटते.
आज तीन तुटल्या. जरा गिरणी बंद ठिव म्हणलो, तर आई म्हणे, "तुझ्या खेळण्यापायी बायांना दारात उभं ठिवू का?"
खेळणं न्हाई ते. राजूरच्या मामाच्या मोटारीचं स्टार्टर आहे. घरून फोन केला की विहिरीवरची मोटार चालू. झालं तर.

५ डिसें.
मी लिहायला घेतलेली कथा तिसऱ्या पानावर अडकून बसली. बोर्ड तरी रोज नव्या जागी बिघडतो.
कारण सापडलं. पाटी मधात फुगलेली, केसाएवढी. आधी मशीनला जागोजागी सुई टेकवून उंची मोजायला लावली, मंग कोरलं. एका कोपऱ्यातल्या रेघा अशा स्वच्छ आल्या की आईला नेऊन दाखवल्या.
"रांगोळी चांगली काढतं," म्हणली. मंग, "अन् हे पांढरं काय उडून राह्यलं? पिठात जाईल."
"न्हाई जात."

६ डिसें.
आईचं बराबर होतं. फायबरचा चुरा पिठासारखाच दिसतो, पण काच आहे ती. चुरा ओढायला मशीनला जुना व्हॅक्यूम जोडला. त्याची पिशवी फाटकी. गिरणीच्या तोंडाला पीठ उडू नये म्हणून कापडी बाही बांधतात, आईची एक जादा खुंटीवर राहते. ती लावली. मस्त बसली. सगळा चुरा बाहीत. संध्याकाळी झटकली, परत खुंटीवर टांगली. उद्या धुतो.

७ डिसें.
धुतली न्हाई. सकाळीच मामाकडं गेल्तो, विहिरीवरची पेटी बघायला. आलो तर खुंटी रिकामी. बाही गिरणीच्या तोंडाला.
"पहिली उसवली, मंग ही बांधली. कामून?"
"कोणाकोणाचं दळलं?"
"नंदाकाकूची ज्वारी. तेवढंच. मंग लाईट गेली."
मी बाही सोडून घेतली. म्हणलो, ही बी फाटलीय. बिलकुल फाटली नव्हती.

८ डिसें.
नंदाकाकूकडं गेलो, मागच्या गल्लीत. काकू, कालचं पीठ वापस द्या.
"का रे, तुझ्या आईनं जास्ती दिलं का चुकून?" हसल्या. मंग म्हणल्या, "तसं बी भाकर करकर लागली जराशी. ह्यांनी ताट सारलं."
मी काय म्हणलो ते लिहून ठिवतो. म्हणलो, गिरणीच्या दगडाला छिन्नीनं नवी टाकी लावली, दगडाचा कण आला असंल.
घरच्या पिठाचा डबा त्यांना दिला. त्यांचं पीठ मागं खड्डा करून पुरलं. एक भाकर तर गेलीच पोटात. अर्धी तरी.
दगडाचं नाव का घेतलं? मशीनचं घेतलं असतं तर आईनं ती त्याच दिवशी बाहेर काढली असती. म्हणून.

११ डिसें.
काकूनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पुढं. दुपारपर्यंत दोनच डबे आले. एक बाई उंबऱ्यातूनच, "मावशे, तुमच्याकडं खडे येऊन राह्यले म्हणं."
आईनं गिरणी उघडली. दोन्ही दगडांवरून तळहात फिरवला. मला हाक मारली, "तुझी नजर बारीक आहे, तू बघ."
मी टॉर्च घेऊन बघितलं. अर्धा तास. बघितलं म्हणजे काय, टॉर्च फिरवला.
बोर्ड आज पूर्ण निघाला. एक रेघ तुटली न्हाई. गिरणी बंद होती ना.

१२ डिसें.
आई टाकी लावणाऱ्याला बोलावून आली. चांगल्या दगडाला छिन्नी. दिवसभर टक टक. मी पडद्याआड मामाच्या बोर्डाला भोकं पाडत बसलो. दोन वेळा उठलो, खरं सांगायला. दोन वेळा परत बसलो.

१३ डिसें.
बसस्टँडवर लिहून राह्यलो.
आईनं सकाळी गल्लीतल्या बायांना बोलावलं, समोर दळून दाखवती म्हणून. नंदाकाकू बी आल्त्या. पहिलं पीठ आईनं स्वतःच्या तोंडात टाकलं, चावून दाखवलं. चार बायांसमोर, तिनं, पंधरा वर्षांच्या गिरणीवर.
काकू म्हणल्या, "आता बराबर. मागं दगडाचंच होतं. तुझा पोरगाच तर म्हणला, टाकी लावली म्हणून."
आईनं माझ्याकडं बघितलं. टाकी तर कालच लागली. राग नव्हता, नुस्ती हिशेब लावून राह्यल्ती.
मी स्विच पाडला. पट्टा थांबेपर्यंत थांबलो, ऐकू आलं न्हाई म्हणायला जागा नको. म्हणलो, दगडाचं न्हाई. माझ्या मशीनची काच होती. बाहीत भरली, धुतली न्हाई. काकू, तुम्ही खाल्ली. आई, मी तुझ्या दगडावर ढकललं.
कोणी तोंड उघडायच्या आत चप्पल घातली.
मशीन तिथंच आहे, पडद्याआड. आई आता काय करून राह्यली असंल?
जालन्याची गाडी लागली. चढतो.