मामाची डावी बाजू

२ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी गाडी आता तुला ओळखू येणार नाही. इंजिन वीतभर मागे सरकवलं, मागच्या सीटला कायमची रजा दिली, नवा डिफरन्शियल बसवला. आता मागचं एक चाक उचललं गेलं तरी दुसऱ्याला ताकद मिळते. बॅटरी तू लिहिल्याप्रमाणे डिकीत, डाव्या कोपऱ्यात. आईच्या मते मला आता साबणानं नाही, रॉकेलनंच आंघोळ घालायला हवी.

तुझी अट पाठ आहे. डोंगरावरच्या त्या डाव्या वळणावर गाडीनं शेपूट सोडली, तर गाडी भंगारात आणि मी शर्यतीचं नाव काढायचं नाही. सात तारखेला चाचणी. भीती वाटतेय, पण नाचावंसंही वाटतंय.

मामीला नमस्कार. तुझा माझ्यावर आहे तेवढा जीव गाडीवरही राहू दे.

तुझी,
खटपटी

५ जानेवारी

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

अगं भवाने, डावा कोपरा म्हणजे माझा डावा! मी गाडीशी बोलतो ते बॉनेटसमोर उभा राहून. माझं डावं ते गाडीचं उजवं, हे गॅरेजात सगळ्यांना ठाऊक आहे. जिंकलो त्या साऱ्या शर्यती बॅटरी चालकाच्या मागे ठेवून. आधी ती हलव, मगच चाचणी.

त्या वळणाला हसू नकोस. पूर्वी तुझी मामी शेजारी बसून वळणं सांगायची. एकदा मी म्हणालो, डोकं खाऊ नकोस. ती उतरली ती उतरलीच. मग एकटा गेलो आणि तिथंच गर्रकन फिरलो. पुन्हा गेलो, पुन्हा फिरलो. गाडीवरचा हात गेला म्हणून शर्यत सोडली. तुझं तसं झालेलं मला बघवणार नाही.

जपून राहा, आणि म्हाताऱ्यावर रागावू नकोस.

तुझा,
मामा

८ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चाचणीनंतर हातात पडलं! मामा, गाडी त्या वळणाला अशी चिकटून गेली की मी एकटीच आत किंचाळत होते.

मग तुझं म्हणणं तपासलं. चारही चाकांखाली वजनकाटे लावले, बॅटरी उजवीकडे नेली, मी आत बसले. मागचं डावं चाक अगदीच हलकं! डाव्या वळणात ते उचलणार आणि गाडी फिरणार. पण शेजारच्या सीटवर वाळूची पोती ठेवली, तर सगळं झकास. तुझा हात कधीच गेला नव्हता रे. फक्त मामी उतरली होती.

आता तरी हो म्हण. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझीच,
खटपटी

११ जानेवारी

चि. खटपटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे मामा तुझं पत्र मोठ्यानं वाचत होते. शेवटाजवळ त्यांनी ते माझ्या हातात दिलं, उरलेलं मीच वाचलं. मग आम्ही दोघं इतकं हसलो की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

तू शर्यतीत उतरायचंस, हे त्यांचं उत्तर. ती पोती किती किलोंची होती, हे मात्र जन्मात कुणाला सांगू नकोस.

आणि तुझी फेरी झाली की बॅटरी उजवीकडे सरकव. जोडीच्या फेरीत आमचं नाव घातलंय. वळणं मीच सांगणार. डोकं खा, असं त्यांनी स्वतः म्हटलंय.

आमच्यावरचा लोभ असाच भरधाव राहू दे.

तुझी,
मामी