एक उकडलेलं अंडं, स्वहस्ते

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, व्यवसाय पुस्तकबांधणी, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर राहून आणि चष्मा नीट पुसून हे माझं पहिलं आणि बहुधा शेवटचं मृत्युपत्र लिहिते. मी कोणाच्याही दबावाखाली नाही, असं वाक्य वकीलबाईंनी घालायला सांगितलं आहे. ते घालते. तीस वर्षं ज्या दबावाखाली आहे तो मेलेल्या माणसाचा असल्याने कायदा तो धरत नाही, असं त्या म्हणाल्या.

कलम एक, घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जाळी लावलेला व्हरांडा. हे मला वडिलांकडून मिळालं, त्यांच्या मृत्युपत्रातल्या या वाक्यासकट: "घर धाकटीला. मात्र माझ्या फिंचांपैकी किंवा त्यांच्या पिल्लांपैकी एक जरी पाखरू जिवंत असेल तोवर तिने, आणि तिच्यामागे घर ज्याला जाईल त्याने, घरीच मुक्काम ठेवून सोमवार, बुधवार, शनिवार त्यांस एक उकडलेलं अंडं स्वहस्ते द्यावं. एक रात्र जरी चुकली तर घर थोरल्याचं." फिंच म्हणजे चिमणीहून लहान, लाल चोचीची पाखरं. तेव्हा सहा होती आणि मी चौतीस वर्षांची होते. पाखरं जगून जगून किती जगणार, सहा-सात वर्षं. मी वडिलांच्या उशाशी बसून म्हटलं, "एवढं काय त्यात?"

थोरला म्हणजे माझा दादा. त्याने मला मुक्कामाला बोलवायची एकही संधी सोडली नाही. "चार दिवस ये गं, हवापालट होईल," असं तो दरवर्षी म्हणतो. इतका जीव त्याने मला लहानपणी कधी लावला नव्हता.

कलम दोन, अंडं. बारा मिनिटं उकडावं, पूर्ण गार करावं, कवच धुऊन कवचासकट बारीक करावं. मीठ नाही, तेल नाही. उरलेलं दोन तासांत काढून टाकावं, नाहीतर पाखरं आजारी पडतात.

कलम तीन. यात कोणाला द्यायचं काही नाही, फक्त सांगायचं आहे.

मी चाळिशीला आले तेव्हा तीनच पाखरं उरली होती. मला कागद पुरवणारे गृहस्थ, यापुढे 'कागदवाले', तेव्हा दुसऱ्या गावी दुकान हलवत होते. जाड दुधी कागदाचा गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाले, "हा विकायला नाही आणलेला. लग्न करून माझ्याबरोबर येता का?" मी म्हटलं, "तीन पाखरं आहेत. थांबाल?" दुसऱ्याच महिन्यात घरट्यात पाच पिल्लं दिसली. तरी ते दोन वर्षं थांबले. तोवर पाखरं अकरा झाली.

सत्तेचाळिसाव्या वर्षी पाखरांच्या डॉक्टरांनी मला वेड्यात काढलं. "बाई, आठवड्यातून तीनदा अंडं देताय आणि वर विचारताय पिल्लं का होतात? अंडं मिळालं की त्यांना वाटतं सुगी आली. लगेच घरटं मांडतात." म्हणजे वडिलांची अट मी पाळत होते म्हणूनच ती संपत नव्हती. वडिलांना हे ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं.

डॉक्टरांनी उपायही सांगितला. अट मोडायची नाही, अंडं देत राहायचं. फक्त पाखरांनी घातलेली अंडी उचलायची, उकडायची आणि गार करून परत घरट्यात ठेवायची. मादी बसते, कंटाळते, उठून जाते. मी मान डोलावली, घरी आले आणि पुढची अकरा वर्षं काहीही केलं नाही. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दार उघडलंच तर जायचं कुठे, याची मला धास्ती वाटायची. कागदवाल्यांचा संसार एव्हाना मांडून झाला होता. नवी पिल्लं दिसली की मला हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्याची मला आज लाज वाटते.

सहा वर्षांपूर्वी दादाची मुलगी, माझी भाची, माझ्याकडे बांधणी शिकायला येऊ लागली. मला धाप लागलेली पाहून एकदा म्हणाली, "आत्या, तुझ्यानंतर मी राहीन की इथे. तीन दिवस अंडं उकडायचं, एवढं काय त्यात?" ती वीस वर्षांची होती. त्याच दुपारी मी घरट्यात हात घातला, चार अंडी काढली, चहाच्या पातेल्यात उकडली आणि गार करून परत ठेवली. मादी अठरा दिवस त्यांवर बसली. मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसायचे आणि रडायचे.

त्यानंतर एकही पिल्लू झालं नाही. आज एकच पाखरू उरलं आहे. नर, सात वर्षांचा, एका डोळ्याने अधू, खाण्यात मात्र पक्का. माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना मी विचारलं, "या पाखरापेक्षा एक दिवस जास्त जगायचं आहे, तेवढं जमेल ना?" ते म्हणाले, "जिने चढू नका."

म्हणून कलम चार. पाखरू माझ्या आधी गेलं तर घर भाचीला, कोणत्याही अटीविना. तिने ते विकावं, भाड्याने द्यावं, नाहीतर कुलूप लावून विसरून जावं.

मी आधी गेले तर घर दादाचं. भाचीला त्यातली एक वीटही नाही. दादाला आयतं मिळेल, हे लिहिताना माझा जळफळाट होतो आहे. होऊ दे. पाखरू पाखरांच्या डॉक्टरांनी न्यावं. पोरी, रागावलीस तरी चालेल, पण इथे राहू नकोस.

कलम पाच. दाबयंत्र, दाभण, सुया, कागदाला घडी घालायची हाडाची पट्टी आणि मोठी कात्री भाचीला, कोणत्याही परिस्थितीत. ही हत्यारं कुठेही नेता येतात. बँकेत असेल ते तिच्या प्रवासाला. कागदवाले हयात असतील तर त्या दुधी कागदाची मी बांधलेली कोरी वही त्यांना पोचवावी. पिंजरा दादाला, रिकामा.

साक्षीदार: १. शेजारचे शिंपी. (सही)
२. समोरच्या नर्सबाई. (सही)

स्थळ: व्हरांडा, पिंजऱ्यासमोरचं स्टूल.
दिनांक: एकोणीस नोव्हेंबर, बुधवार. सकाळी नऊला अंडं दिलं, त्याने पोटभर खाल्लं.
सही करतेवेळी पाखरू जिवंत. मीही.