गाभोळीची मादी

वेल्स, ७ सप्टेंबर १९८७

चि. सौ. प्रमोदिनीस अ. उ. आ.

पिनरचं घर लावून झालं का? राजीवरावांना मसाल्याचे डबे अजून सापडत नसणार.

इथे नदीवरून जुंपली आहे. अंडी घालायला समुद्रातून वर येणारे ट्राउट मासे कमी झालेत. टोपलीएवढ्या नावांतून पिढ्यान्‌पिढ्या जाळं ओढणारी चार घरं आहेत, सगळा दोष त्यांच्यावर. माझे सीनियर डॉक्टर गळ टाकणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबचे अध्यक्ष. जाळी कायमची बंद करा, या अर्जावर त्यांना माझी सही हवी आहे. जानेवारीत मला प्रॅक्टिसमध्ये पार्टनर करायचं की नाही, तेही तेच ठरवणार. हंगाम संपून जाळी गॅरेजात टांगलीत. सही करावी म्हणतो.

आशीर्वाद आहेतच.

शशीदादा

पिनर, लंडन, १५ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

डबे मलाच सापडत नाहीत, त्यांना हसू नकोस.

पत्र वाचून राग आला. आपण नदीत जाळं टाकणाऱ्या भोयांची मुलं. धरण झालं, मासे आटले आणि गावानं बोट दाखवलं आबांच्या जाळ्याकडे. अंड्यांनी भरलेली गाभोळीची मादी जाळ्यात आली की आबा हात जोडून तिला परत सोडायचे, ते कुणी पाहिलं नाही. पण केवळ आबांसाठी नाही म्हणू नकोस. तिथले मासे जाळ्यानेच संपत असतील तर खुशाल सही कर. आधी खात्री कर, एवढंच.

रागावले तरी तुझीच,

प्रमोदिनी

वेल्स, १२ ऑक्टोबर

चि. सौ. प्रमोदिनीस अ. उ. आ.

काल सीनियरांनी स्वतः गळाने धरलेला मोठा ट्राउट घरी पाठवला. तुझ्या वहिनीने हौसेनं चिरला, तर आत गाभोळीच गाभोळी. ती खूश. मी ओट्यापाशी उभाच राहिलो. जाळी ऑगस्टपासून कोरडी आहेत गं. गळाचा हंगाम अजून चालू आहे, कायद्यानं गळवाल्यांची चूक नाही, पण मादी गेली ती गेलीच.

आज त्यांना म्हटलं, अर्जात गळही घाला, सप्टेंबरनंतर कुणीच मासे धरायचे नाहीत, मग सही करतो. पार्टनरशिप आता विसरायची. जाळीवाला डेव्हिस माझा पेशंट. त्यालाही सांगून आलो की हंगामात आठवड्याला आणखी दोन रात्री जाळं उचलून ठेवा. त्यानं दार लावून घेतलं. गावात आता दोन्हीकडून बोलणं बंद आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

संध्याकाळी पुलावर गेलो. खाली बंधाऱ्यावर एक मादी उडी मारत होती, पडत होती, पुन्हा मारत होती. शेवटी गेली वर. मी सूटबुटात, भर पुलावर हात जोडले. कुणी पाहिलं असेल तर पाहू दे.

रागाइतकाच लोभही राहू दे.

शशीदादा