डक्टची खिडकी आणि गुलाबी स्लाइम

४ मे

आजपासून घरच्या कचऱ्याचं खातं माझ्याकडे. ओला वेगळा, सुका वेगळा. इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष या नात्याने जिन्यात नोटीस मीच लावली आहे, की सिंकमध्ये उरलंसुरलं अन्न टाकू नये. तेव्हा सुरुवात अध्यक्षाच्या घरापासून.

डॉक्टरांनी मागे लावलेले बिनसाखरेचे ओट्स यात धरायचे नाहीत. ते अन्न नव्हेच. ही आंघोळीला गेली की वाटी सिंकमध्ये रिकामी करायची आणि वरून नळ सोडायचा. पाण्यात पाणी.

६ मे

सुट्टीला आलेल्या नातीने स्लाइम केलं. गोंद, चमकी, गुलाबी रंग आणि माझा दाढीचा फोम. दोन दिवस घरभर फिरवलं, मग म्हणाली, आबा, हे आता हाताला चिकटतंय, तुम्ही टाकून द्या. डबा माझ्या हातात.

ही म्हणाली, अहो, वर्तमानपत्रावर पसरून वाळू द्या, मग गुंडाळून सुक्या कचऱ्यात. सिंकमध्ये अजिबात नको. मी म्हटलं, एका टेबलावर नळाचे वायसर विकायला बसलो होतो, आज पाइपांचं दुकान आहे. मला पाइप शिकवू नकोस. ती म्हणाली, विकणं वेगळं.

७ मे, सकाळ

वाळत नाही. वर्तमानपत्र मात्र त्याला कायमचं चिकटलं. पातेलंभर उकळतं पाणी घेतलं, कागद सोडवला, बाकी सगळं सिंकमध्ये. जा बाबा, जा, म्हटलं. गेलं. नातीला सांगितलं, शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावली.

१० मे

खालच्या मजल्यावरची केकवाली दारात. आईबरोबर भाड्याने राहते, घरीच केक करून ऑर्डरी घेते. म्हणाली, काका, आमच्या सिंकमधून पाणी वर येतंय, तुमच्याकडे काही त्रास? मी म्हटलं, आमच्याकडे सगळं चोख. खोटं नाही बोललो. आमचं खाली जातंच आहे.

ते तिच्याकडे वर येत असावं, हा विचार जरा उशिराच सुचला. म्हणजे ती गेल्यावर.

१२ मे

कमिटीची मीटिंग. केकवालीचा घरमालक फोनवर. पाइप कशाने तुंबतो, असं सगळे मलाच विचारू लागले. जाणकार म्हणून बोलावं लागलं. लोणी, मलई, असलं काही थिजलं की तुंबतो, असं मी सर्वसाधारणपणे सांगितलं. नाव कोणाचं घेतलं नाही. सगळ्यांनी केकवालीकडे बघितलं, त्याला मी काय करणार?

तिने सगळ्यांसाठी केक आणला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

१३ मे

माझे कान तिखट. पाइपावर टिचकी मारली की माल पातळ आहे का जाड, हे मी डोळे मिटून सांगतो. आमच्या सिंकजवळ पाइपांच्या डक्टची खिडकी आहे, तिथे उभं राहिलं की अख्खी इमारत ऐकू येते.

आज खालचं ऐकलं. घरमालकाने केकवालीला सांगितलंय, पाइप तुझ्यामुळे तुंबला असेल तर महिनाअखेर जागा सोड. आई म्हणाली, वरच्या काकांना सांग ना, त्यांचा शब्द चालतो. केकवाली म्हणाली, काका बोलतील गं, थांब जरा.

पाणी पिताना ठसका लागला. उद्या घरमालकाला फोन. पहिलं काम.

१४ मे

घरमालक दुपारी झोपत असेल. कोणाची झोपमोड करणं आपल्या स्वभावात नाही. त्यापेक्षा अडचण मुळातूनच काढावी. पुन्हा उकळतं पाणी ओतलं. वाकून म्हटलं, निघ बये, अब्रूचा प्रश्न आहे.

खालून केकवालीचा आवाज, आई, बादली आण.

१६ मे

दुकानाच्या ओळखीचा प्लंबर गुपचूप आणून मोकळं व्हायचं ठरवलं. तो म्हणाला, रविवारीच जमेल. रविवारी सकाळी पाइप सगळ्यांसमोर उघडायचा, असं कमिटीचं ठरलंय. 'दोषी कोण ते सर्वांसमक्ष कळावे' अशी नोटीस जिन्यात लागली आहे. खाली सही माझी.

१८ मे, रविवार

इमारतीमागे प्लंबरने पाइप खोलला, वायर घातली. आधी ओट्स आले. हिने माझ्याकडे बघितलं. मग गुलाबी. वेणीसारखं लांब येतच राहिलं, उन्हात चमकत. सगळे वाकून बघू लागले.

मीच म्हटलं, लहान मुलं असतात घरात, त्यांना काय कळतं. नातीचा हात माझ्या हातात होता. ती म्हणाली, पण आबा, मी डब्यात घालून तुमच्याकडे दिलं होतं. आणि हात सोडवून घेतला.

जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. फोन काढला, सगळ्यांसमोर घरमालकाला लावला. म्हटलं, लोणी नव्हतं, स्लाइम होतं. त्याने विचारलं, कोणाचं? माझं, म्हटलं. ऐकू आलं नाही म्हणाला. पुन्हा मोठ्याने सांगितलं. राहू दे मग तिला, म्हणाला आणि हसत राहिला.

घाणीची बादली मी उचलली. केकवाली जवळ येऊन हळूच म्हणाली, काका, डक्टमधून आवाज खालीसुद्धा येतो. 'जा बाबा' म्हणालात तेव्हापासून ऐकतेय. मी विचारलं, मग मीटिंगमध्ये का नाही बोललीस? म्हणाली, वाटलं, तुम्ही स्वतःहून सांगाल.

स्लाइम गच्चीत वर्तमानपत्रावर वाळत घातलंय. शेजारी नात राखणीला बसली आहे. मला जवळ येऊ देत नाही.

१९ मे, सकाळ

ही आंघोळीला. वाटी घेऊन सिंकसमोर उभा राहिलो.

खालून केकवालीची आई म्हणाली, आज वरचे काही बोलत नाहीत गं.

केकवाली म्हणाली, खात असतील.

खाल्ले.